दोन्ही कान वेगळे

भिकुबाई,

तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, एवढी अक्कल मला आहे. तरी लिहिते, कारण संताप आला की मला लिहिल्याशिवाय राहवत नाही आणि तुमच्याखेरीज तो दुसऱ्या कुणाला कळायचा नाही.

परवा धुळ्यात एका बाईचा सत्कार झाला. शाल, नारळ, मोठं मानपत्र. कशाबद्दल, तर 'कानबाईच्या पारंपरिक गीतांचे जतन केल्याबद्दल'. पेपरात फोटो आहे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तीच. कॅसेटच्या कव्हरावर पिवळं लुगडं नेसून हातात सूप धरून उभी होती ती. तिने सूप उलटं धरलंय, हे पहिल्यांदा तुम्हीच दाखवलं होतंत. आता अंगाने भरली आहे, पण हसते तशीच. हिने काय जतन केलं, भिकुबाई? लोणचं तरी घातलं का कधी?

मानपत्रात तुमचं नाव नाही, हे सांगायला नकोच. तुमचं नसावं हे एका परीने बरोबरच आहे, आणि ते का बरोबर आहे, हेच मला लिहायचं आहे. त्यात तुमची चूक येईल, माझीही येईल. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लिखा बाई, माले काय तोंड लपाडनं शे." तेव्हा लिहिते. वाचणाऱ्यांना तुम्ही माहीत नाही, म्हणून आता इथून पुढे तुमच्याबद्दल परक्यासारखं बोलते. गोष्टीत एक मास्तरीण येते, ती मीच. पण गोष्ट तुमची आहे, म्हणून तिला मास्तरीणच म्हणते.

*

भिकुबाई अभिमन पाटील. गाव पारोळ्याच्या अलीकडे, बोरी नदीच्या काठचं. बाई उंच, काळीसावळी, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की कापूस वेचताना तिने बांधावरून हाक मारली की दोन शेतांपलीकडचा बैल मान वर करी. गावात म्हणत, अभिमनभाऊचं लग्न झालं तेव्हापासून त्याला कमी ऐकू येतं. अभिमनभाऊ बिचारा नुसता मान हलवी, त्यामुळे खरं काय ते कळत नसे.

अभिमनचा थोरला भाऊ उखर्डू. त्याची बायको मंजुळाबाई. ही भिकुबाईच्या अगदी उलट, बुटकी, सुकलेली, समोरचे दोन दात गेलेले, आणि बोलणं असं की चार शब्द ऐकायला तिच्या तोंडाजवळ वाकावं लागे. वाकल्यावर मात्र ते चार शब्द असे निघत की वाकल्याचा पश्चात्ताप व्हावा. दोन्ही जावांना गाणं मिळालं ते सासूकडून. सासू यशोदाबाई म्हणजे त्या भाऊबंदकीतली कानबाईच्या, म्हणजे श्रावणात घरी बसणाऱ्या खान्देशी देवीच्या, गाण्यांची आघाडीची बाई. ती ओळ सोडायची आणि बाकीच्या झेलायच्या. दोन्ही सुना तिच्याच हाताखाली शिकल्या, त्यामुळे वळणं, हरकती, कुठे थांबायचं, कुठे ओळ खाली टाकायची, सगळं एकाच साच्यातलं.

यशोदाबाई गेली आणि आघाडी कुणी धरायची, हे न सांगताच गेली. मंजुळाबाई वयाने आणि नात्याने थोरली. भिकुबाई आवाजाने थोरली. तीन श्रावण दोघी भांडल्या. त्याआधी घर वाटलं गेलं होतं, मधे भिंत आली होती, विहिरीचे दिवस वाटले गेले होते, बैल वाटले गेले होते. कानबाई वाटता येत नाही. भाऊबंदकीची कानबाई एक, प्रसादाच्या रोटाचं दळण एक, आणि ते रोट त्याच घरच्यांनी खायचे. त्यामुळे वर्षभर एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या या दोघींना श्रावणातल्या कानबाईच्या रविवारी एका खोलीत बसावंच लागे. बसत, आणि खोलीच्या दोन टोकांना बसून दोघीही आघाडी धरत. मधल्या बायकांनी कुणाची ओळ झेलायची, हेच त्यांना कळत नसे. एका वर्षी दोन वेगळी गाणी एकदम झाली.

एरवी दोघी एकमेकींशी बोलत नसत, म्हशीशी बोलत. भिंतीच्या अलीकडून भिकुबाई आपल्या म्हशीला सांगे, "खाय व माय, खाय. काही लोकेस्ले आपलं सुख दखाय नही." पलीकडून मंजुळाबाई तिच्या म्हशीला शांतपणे सांगे, "आयकी लेय. गळाच मोठा शे."

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस जीप घेऊन आला. त्याचं नाव जीवराम. डोक्यावर इंग्रजी टोपी, गळ्यात वायरी. खान्देशी गाणी गोळा करतो म्हणाला. मास्तरणीने शाळेची खोली उघडून दिली, सतरंजी घातली, चहा केला. हे आठवलं की अजूनही तिचं कपाळ तापतं. चोराला खोली उघडून द्यायची आणि वर चहा पाजायचा, हे फक्त शिकलेली माणसंच करू शकतात.

जीवरामने विचारलं, "मेन गाणारी कोण?"

"मी," भिकुबाई म्हणाली.

मंजुळाबाईने सतरंजीच्या दुसऱ्या टोकाकडून नुसतं बोट स्वतःच्या छातीला लावलं.

जीवराम हसला. "बरं, मग दोन माइक लावतो. भांडू नका."

माइक दोन लागले. दोघी एकमेकींकडे अर्धी पाठ करून बसल्या. गाणं सुरू झालं तशी भिकुबाई पुढे सरकली आणि माइकाच्या तोंडात तोंड घालून गाऊ लागली. जीवराम हाताने 'मागे व्हा, मागे व्हा' अशी खूण करत होता. तिला वाटलं, तो म्हणतोय, वा, अजून. ती अजून पुढे सरकली. मंजुळाबाई होती तिथे बसून, होती तशी गायली.

नावं घालणार का, असं मास्तरणीने विचारलं. जीवराम म्हणाला, "अहो ताई, घालणार म्हणजे काय." वही काढून त्याने नावं लिहूनसुद्धा घेतली, मंजुळातला 'ळ' नीट विचारून. मग दोघींना एकेक ब्लाउजपीस दिला आणि गेला.

श्रावणाच्या तोंडावर कॅसेट आली. कव्हरावर ती पिवळ्या लुगड्याची मुलगी. गायिका म्हणून तिचं नाव. संगीत म्हणून आणखी कुणाचं. शब्द आणि चाल, 'पारंपरिक'.

या शब्दाबद्दल मास्तरणीला दोन वाक्यं बोलायची आहेत. पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही, आणि कुणाचंच नाही म्हणजे आपलं, असा हा हिशेब असतो. परंपरा काय बोरीच्या पुरात वाहत येते, की ज्याने ओंडका धरला त्याचा झाला? यशोदाबाई ती गाणी तिच्या सासूकडून जात्यावर मार खात शिकली होती.

असो. कॅसेट चालली. धुळ्याच्या बसस्टँडवर, रिक्षात, पारोळ्याच्या पानटपरीवर, शेवटी गावच्या मारुतीच्या कर्ण्यावर. खाली ढमढम ढोलकी आणि ते पेटीसारखं किणकिणणारं यंत्र, वर मुलीचा गुळगुळीत आवाज, आणि मुलीची ओळ संपली की मागून एक म्हातारा आवाज ती ओळ उचलून परत देई. तो आवाज ऐकला आणि भिकुबाई हंडा डोक्यावर तसाच धरून चौकात थांबली.

"हाऊ आवाज मना शे," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिने गावात साठ घरी सांगितलं. काहींना पटलं. काही म्हणाले, म्हातारीला आता रेडिओतसुद्धा आपलाच आवाज ऐकू येईल. मंजुळाबाईने म्हशीला सांगितलं, "तुले इचारतीन तं सांग, आवाज तुना शे म्हनीसन."

भाऊबंदकीतल्या बायकांनी मात्र एक सोपा तोडगा काढला. त्या तीन वर्षं दोन आघाड्यांना कंटाळल्या होत्या. त्या म्हणाल्या, मुंबईवाल्यांनी दोघींतला एक आवाज ठेवला, एक टाकला. जिचा ठेवला ती आघाडीची. पुढच्या कानबाईपर्यंत ठरवा, म्हणजे कटकट संपली.

आता भिकुबाईला तो आवाज स्वतःचा आहे हे दाखवून द्यायचं होतं. मास्तरणीकडून तिने कंपनीला रजिस्टर पत्र लिहवून घेतलं, 'सदर कॅसेटमधील मूळ स्वर सौ. भिकुबाई अभिमन पाटील यांचा असून' वगैरे. मास्तरणीने ते फार ठणकावून लिहिलं. उत्तर नाही. आणि गावातल्या टेपरेकॉर्डरांवर तर काही सिद्ध होईना. एकावर ढोलकीच ऐकू येई, दुसऱ्यावर सगळं पाण्याखालून आल्यासारखं. दहा बायका तीच ओळ दहादा ऐकत. पाच म्हणत भिकुबाई, पाच म्हणत मंजुळाबाई. साचा एक ना.

तेव्हा तिने ठरवलं की साफ आवाजाचं मशीन घ्यायचं. हातात धरून घरोघर नेता येईल असं, आणि असं साफ की कुणाला तोंड उघडायला जागा राहू नये. पैसे तिचे स्वतःचे, वेचणीचे.

मुलगा पंडित दीपनगरच्या वीजकेंद्रात होता. तो सुट्टीला आला आणि तिला धुळ्याला घेऊन गेला. पंडितची साफपणाची कल्पना साधी होती. जेवढं मोठं तेवढं साफ. धुळ्यातल्या त्या दुकानात त्याने जो टू-इन-वन दाखवायला सांगितला, तो शेळीच्या करडाएवढा होता. दोन बाजूंना दोन मोठ्या गोल जाळ्या, मधे लाल दिवे.

विक्रेत्या पोराने भिकुबाईची कॅसेट आत घालून आवाज पूर्ण सोडला. काउंटरवरचे पेन उडाले.

"कशी छाती हलते, मावशी? तीनशे वॅट आहे."

"छाती नही हालाडनी माले," भिकुबाई म्हणाली. "तिना मांगे जी गाई राहिनी, ती आयकाडा."

"तेच तर. बेस बघा ना."

"बेस-बिस ऱ्हाऊ द्या. ढोलकं कमी करा आनि बाई वर काढा."

"अहो मावशी, असं नसतं होत. पूर्ण गाव ऐकेल याच्यावर."

"गाव तं ऐकस रोज. माले समजाले पाहिजे."

पोराने पंडितकडे पाहिलं, पंडितने वर पंख्याकडे. भिकुबाईने मात्र पुढे होऊन दोन्ही तळवे त्या दोन जाळ्यांवर ठेवले. गाभण म्हशीच्या पोटावर वासराची हालचाल बघायला ठेवतात, तसे. डोळे मिटले. मग डावा तळवा काढला, उजवा तसाच ठेवला. पुन्हा उजवा काढला, डावा ठेवला.

"हाई बाजू भाकड शे," तिने उजवीकडे बोट करून सांगितलं.

दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक हसलं. पोरगं म्हणालं, काहीतरीच काय, दोन्हीकडून आवाज येतो. पंडितने हात लावून पाहिला. उजव्या जाळीखाली काहीच हलत नव्हतं. तो वीजकेंद्रात काम करणारा माणूस. वाकून जाळीच्या फटीतून त्याने आत पाहिलं. आत स्पीकर नव्हताच, काळा रंगवलेला पुठ्ठा होता.

दुकानाचा मालक गल्ल्यावरून उठून आला. त्याला लाज वाटली असेल म्हणाल तर नाही. तो म्हणाला, "सगळे असेच घेतात, कुणाची तक्रार नाही. घ्यायचं नसेल तर वस्तूला हात लावू नका."

"तक्रार कशी व्हई?" भिकुबाई म्हणाली. "लोके हात लावतस का?"

हे पंडितने गावात येऊन सांगितलं तेव्हा मास्तरणीच्या अंगाची लाही झाली. पुठ्ठा रंगवून विकायचा, आणि विकत घेणाऱ्याला वर शहाणपणा शिकवायचा. तिने सांगितलं, आता जळगावला मी येते बरोबर. तिला तपासायला बोर्डाचे पेपर आणायला जायचंच होतं. उन्हाळा लागला होता. एस. टी.त भिकुबाईने कॅसेट कमरेच्या बटव्यात नीट गुंडाळून ठेवली होती आणि एरंडोल येईपर्यंत तीनदा चाचपून पाहिली.

जळगावला फुले मार्केटात प्रकाशचंद नावाच्या माणसाचं टेपरेकॉर्डरांचं लहानसं दुकान होतं. मूळचे हे लोक मारवाडचे, पण तीन पिढ्या इथे. तो विकायचा आणि दुरुस्तही करायचा. डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने आधी विक्रीचं काही काढलंच नाही. त्याने विचारलं, "मावशी, ऐकायचं काय आहे?"

भिकुबाईने सांगितलं. सगळं सांगितलं, सतरंजी, दोन टोकं, दोन माइक, पिवळं लुगडं. त्याने भिंग काढलं.

"दोन माइक होते?"

"दोन. आमना दोन्हीस्ना."

"मग तुम्हाला मोठा आवाज नको. तुम्हाला दोन्ही कान वेगळे पाहिजेत." त्याने काउंटरवर बोटाने दोन रेघा ओढल्या. "टेपवर दोन पट्ट्या असतात. एक डाव्या कानाची, एक उजव्याची. साधं मशीन दोन्हींची खिचडी करून देतं. म्हणून तुमच्या गावात भांडण मिटत नाही."

"खिचडी," भिकुबाई मास्तरणीकडे बघून म्हणाली. इतक्या महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदा तिच्याशी समजेल असं बोललं होतं.

त्याने तीन वॉकमन काढले. तळहातात मावतील एवढे, प्रत्येकाला कानावर घालायची स्पंजची टोपी. प्रत्येकात कॅसेट घालण्याआधी तो कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून आतलं लोखंड पुसायचा. पहिला रंगीत, हलका, दिल्लीकडचा. भिकुबाईने कानाला लावला आणि लगेच काढला. "यामा कोनीतरी सूं करी राहिनं." दुसरा दिसायला सुरेख, चांदीसारखा. त्यात गाणं मधेच खाली उतरे, पुन्हा वर चढे. "हाई गानारी आजारी शे." प्रकाशचंद हसला आणि त्याने तो खोक्यात परत ठेवला. म्हणाला, "हा मी माझ्या मेहुण्याला विकला होता, त्याला अजून कळलं नाही."

तिसरा जपानी. जड, पत्र्याचा, कोपऱ्यावर ओरखडा. पंडित असता तर म्हणाला असता, हा तर जुना दिसतो. भिकुबाईने तो हातात घेऊन तोलला, आणि कानाला लावला.

या वेळी तिने तो काढला नाही. प्रकाशचंदने पुढे वाकून उजव्या कानावरचा स्पंज हळूच बाजूला केला. आता फक्त डावा.

मुलीची ओळ संपली. ढोलकी दुसऱ्या कानात राहून गेली होती. आणि डाव्या कानात, कुणी शेजारी बसून गावं इतक्या जवळून, म्हाताऱ्या आवाजाने ओळ उचलली. ओळीत 'स' आला, आणि त्या 'स'बरोबर बारीकशी शिट्टी वाजली. पडक्या दातांतून हवा जाते तशी.

भिकुबाईचे सगळे दात शाबूत होते.

तिने कॅसेट मागे घ्यायला लावली. पुन्हा ऐकलं. शिट्टी होती. तिसऱ्यांदा ऐकताना तिच्या कपाळावर आठी पडली, कारण आता त्या आवाजाच्याही मागे, खूप लांबून, शेतापलीकडून कुणी ओरडावं तसं काहीतरी येत होतं.

"भाऊ," तिने विचारलं, "मोठा तोंडे गावं तं काय व्हस?"

"माइकाच्या जवळून?"

"जवळून म्हंजे… त्यामाच."

"फाटतो आवाज. फडाफडा वाजतो. कंपनीवाले तो टाकून देतात, दुसरा ठेवतात."

मास्तरीण अधीर झाली होती. "आहे ना तुमचा? सांगा की."

भिकुबाईने स्पंज डोक्यावरून काढले, त्यात अडकलेला एक पांढरा केस ओढून टाकला, आणि प्रकाशचंदला म्हणाली, "हाई बांधी द्या."

तिला तिथेच मशीन परत देता आलं असतं. परतीच्या गाडीत मास्तरणीला काहीही सांगता आलं असतं. गावात दुसरं असं मशीन नव्हतं, आणि त्या स्पंजात काय ऐकू येतं हे तिच्या परवानगीशिवाय कुणाला कळलं नसतं. आघाडी तिची झाली असती. एरंडोल गेलं. पारोळ्याचा किल्ला दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "बाई, आवाज अक्काना शे. मना नही."

अक्का म्हणजे मंजुळाबाई. मास्तरणीला आधी राग आला तो स्वतःच्या रजिस्टर पत्राचा. इतकं ठणकावून लिहिलं होतं. "मग मशीन कशाला घेतलंत?"

"अक्काले आयकाले."

दुसऱ्या दिवशी भिकुबाई भिंतीला वळसा घालून मंजुळाबाईच्या अंगणात गेली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. मंजुळाबाई लसूण सोलत बसली होती. तिने वर पाहिलं, मग म्हशीकडे पाहिलं, पण म्हशीला काय सांगावं हे तिला सुचलं नसावं.

भिकुबाई समोर बसली आणि तिच्या डाव्या कानावर स्पंज ठेवला. मंजुळाबाईने दोन ओळी ऐकल्या.

"हाई कोन म्हातारी शे?"

"तू."

"मी इतली म्हातारी नही."

"दात मोज."

मंजुळाबाईने जीभ पुढच्या फटीत घालून पाहिली. पुन्हा ऐकलं. "आनि हाई मांगे कोन वरडी राहिनं? डाकू उनात का?"

"मी शे ती."

मंजुळाबाई हसली, तोंडावर पदर न घेता. भिकुबाईला हसू आलं नाही, पण तिथून उठावंसंही वाटलं नाही. तिने चार पाकळ्या घेतल्या आणि सोलायला लागली. मंजुळाबाईने पूर्ण गाणं ऐकलं, मग कॅसेटचं कव्हर हातात घेऊन उलटंसुलटं केलं. वाचता दोघींनाही येत नव्हतं.

"मनं नाव कोठे शे?"

"नही शे."

"जीवराम्याने वहीमा लिखं व्हतं."

"लिखं व्हतं."

मंजुळाबाईने कव्हर खाली ठेवलं, लसणाच्या टोपलीशेजारी. "मंग ब्लाउजपीस कसाना व्हता?" तिने विचारलं. रागावून विचारलं नाही, खरंच विचारलं.

भिकुबाईचा खरा राग तिथे सुरू झाला. स्वतःसाठी ती वर्षभर भांडली होती, त्यात हट्ट होता, बढाई होती, सगळं होतं. आता तसलं काही उरलं नाही. ही बाई सतरंजीच्या टोकाला गप्प बसून गायली, कुणाला ढकललं नाही, नाव मागितलं नाही, साठ घरी सांगत फिरली नाही. आणि तिचाच गळा कापून पिवळ्या लुगड्याला लावला. भिकुबाई त्या दिवशी पुन्हा साठ घरी गेली. प्रत्येक घरी मशीन काढलं, डावा कान दिला, आणि सांगितलं, मी चुकले, आवाज अक्काचा आहे. काही बायकांनी टोमणे मारले. तिने ते ऐकून घेतले आणि कान त्यांच्याकडे तसाच धरून ठेवला.

त्या श्रावणात मंजुळाबाईने आघाडी धरली. भिकुबाई झेलायला बसली, आवाज आवरून. अभिमनभाऊ म्हणाला, लग्नानंतर पहिल्यांदा कानबाईच्या दिवशी त्याला दुसऱ्या बायकांचे आवाज ऐकू आले.

मास्तरणीने कंपनीला आणखी एक रजिस्टर पत्र टाकलं, आधीचं दुरुस्त करणारं. आणखी एक, तिसरं, वकिली भाषेत. उत्तर नाही. भिकुबाईचा पत्रांवर विश्वास राहिला नव्हता. तिने वेगळंच काढलं.

"बाई, छापखान्यामा चिठ्ठ्या छापतस ना, लग्नपत्रिका छापतस तश्या? एवढ्याशा." तिने नखावर माप दाखवलं. "त्यावर लिखा, यामा मांगला आवाज मंजुळाबाई उखर्डू पाटीलना शे. दोनशे छापा. मी खळ करसू, धुळ्याले जासू, आनि जितल्या कॅसेटी दिसतीन तितल्यास्ले चिटकाडसू."

"दुकानदार चिकटवू देतील का?"

"इचारनार कोन शे त्यास्ले?"

मास्तरणीला हे बरं वाटलं नाही. दुकानातल्या मालावर आपण चिठ्ठ्या चिकटवायच्या, हे काही रीतीचं नव्हतं. ती बी. ए. झालेली, रीतीने पत्र लिहिणारी. तरी ती हो म्हणाली. तपासलेले पेपर द्यायला जळगावला जाईन तेव्हा छापून आणते म्हणाली. गेली, आणि विसरून आली. दुसऱ्या खेपेला मजकूर अहिराणीत ठेवावा की प्रमाण भाषेत, यावर तिचं ठरलं नाही. तिसऱ्या खेपेला पत्राचं उत्तर यायची वाट बघू म्हणाली. भिकुबाईने खळीसाठी मैदा आणून ठेवला होता, त्याला किडे पडले, तेव्हा तिने नवा आणला.

चौऱ्याण्णवच्या पौषात मंजुळाबाई गेली. तेराव्याला भिकुबाईने मास्तरणीला विचारलं, चिठ्ठ्या उन्यात का. मास्तरीण त्याच आठवड्यात जळगावला जाऊन आली होती. तिने सांगितलं, छापखाना बंद होता.

छापखाना उघडा होता. मास्तरीण त्याच्या समोरच्या दुकानात लोकरीचे गुंडे बघत उभी होती.